निर्वात पात्रे आणि रुग्णाची सुरक्षितता : शरीरातील साठलेला द्रव काढण्याच्या साधनांचा इतिहास

१. प्रास्ताविक

शरीराच्या एखाद्या पोकळीत साठलेला द्रव बाहेर काढणे हे शल्यचिकित्सेतील अतिप्राचीन कर्मांपैकी एक होय. उदरात पाणी साठून होणारा जलोदर, फुप्फुसावरणाच्या दोन पदरांमध्ये साठणारे पाणी अथवा पू, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर जखमेच्या तळाशी जमणारे रक्त व लस, या सर्व अवस्थांत रुग्णास आराम पडावयाचा तर द्रवाला वाट करून द्यावी लागते. ही वाट कशी करावी याचा इतिहास पुष्कळदा सांगितला गेला आहे. परंतु वाट केल्यानंतर तो द्रव ज्या पात्रात येतो त्या पात्राकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वस्तुतः गेल्या दीडशे वर्षांत या कर्मातील यशापयश सुईइतकेच पात्रावरही अवलंबून राहिले आहे.

द्रव ओढून घेणाऱ्या पात्राकडून तीन अपेक्षा असतात. पहिली, बाहेरची हवा रुग्णाच्या शरीरात शिरू नये. दुसरी, द्रव ओढताना शरीरातील नाजूक अवयवांवर अतिरिक्त ताण पडू नये. तिसरी, ते पात्र बाहेरील हवेच्या दाबाखाली फुटू नये. या तीन अपेक्षा एकाच वेळी ध्यानात आल्या नाहीत. त्या कोणत्या क्रमाने ध्यानात आल्या, आणि प्रत्येकीसाठी कोणती रचना पुढे आली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. असे करताना एक गोष्ट विशेषेकरून दिसून येते. निर्वाताचे बळ हाती येण्यापूर्वी वैद्यांना जो संयम ठाऊक होता, तो ते बळ हाती येताच मागे पडला. आणि पुढील सुमारे शंभर वर्षे हा संयम पात्राच्या रचनेतच बसविण्यात खर्ची पडली.

२. प्राचीनांचा इशारा

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगाच्या प्रकरणी जलोदराच्या वेधनाचा विधी दिलेला आहे. नाभीच्या खाली, डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे अंतर सोडून व्रीहिमुख शस्त्राने वेध करावा. वेधाची खोली अंगठ्याच्या उदराएवढी असावी. नंतर कथिलादी धातूची दोन्ही बाजूंनी उघडी नळी अथवा पक्ष्याच्या पिसाची नळी बसवून दूषित उदक काढावे, असा तो विधी आहे. वेधाची जागा, शस्त्र व नळी यांचे वर्णन नेमके आहेच. पण त्यापुढील सूचना आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. सर्व उदक एकाच दिवशी काढू नये, असे सुश्रुत बजावतो. ते एकाएकी काढल्यास तृष्णा, ज्वर, अंगमर्द, अतिसार, श्वास इत्यादी उपद्रव उत्पन्न होतात. यास्तव काही दिवसांचे अंतर ठेवून ते थोडेथोडे काढावे आणि प्रत्येक वेळी उदर लोकरीच्या, रेशमाच्या अथवा चामड्याच्या पट्ट्याने घट्ट बांधावे.

ग्रीक वैद्यकातही असाच इशारा आढळतो. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहात छातीतील पू अथवा उदरातील पाणी छेद देऊन किंवा डाग देऊन काढताना ते एकदम वाहून गेल्यास रुग्ण दगावतो, असे सूत्र आहे. त्याच परंपरेतील दुसऱ्या एका ग्रंथात छातीतील पू काढल्यानंतर छिद्रात दोरा बांधलेली तागाच्या कापडाची वात बसवावी, ती रोज एकदा काढून थोडा पू जाऊ द्यावा आणि दहाव्या दिवशी उरलेला सर्व पू काढावा, अशी रीत सांगितली आहे.

या दोन परंपरांनी एकमेकींपासून काय घेतले हा येथे प्रश्न नाही. दोन्हींकडे उपद्रवाचे कारण कळले होते असेही म्हणता येणार नाही. उदरातील दाब अकस्मात उतरला म्हणजे रक्ताभिसरणात बिघाड होतो, ही उपपत्ती फार अलीकडची. परंतु परिणाम मात्र दोघांनीही डोळ्यांनी पाहिला होता आणि त्यावरून एकच नियम बांधला होता : द्रव काढावा, पण वेगाने काढू नये. हा नियम पाळणे त्या काळी फारसे अवघडही नव्हते. पिसाच्या नळीतून द्रव केवळ स्वतःच्या भाराने वाहत असे. त्याला ओढून घेणारी कोणतीही शक्ती वैद्याच्या हाती नव्हती.

३. निर्वाताचे बळ

ती शक्ती सतराव्या शतकात प्रकाशात आली. इ. स. १६४४ मध्ये तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीच्या प्रयोगाचे वर्णन केले आणि हवेला भार आहे, तो सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाएवढा आहे, हे दाखवून दिले. माग्डेबुर्ग येथील ओटो फोन गेरिके याने त्यानंतर पंपाच्या साह्याने मोठी पात्रे निर्वात करण्याचा उद्योग आरंभिला. दोन अर्धगोल जोडून ते घोड्यांकडून ओढविण्याचा त्याचा प्रयोग सर्वश्रुत आहे. त्याआधीची एक घटना मात्र तितकीशी प्रसिद्ध नाही. एका तांब्याच्या गोलातून हवा काढीत असता तो गोल मोठा आवाज होऊन एकाएकी चेपला गेला. गोल पुरेसा वाटोळा नसावा, असा गेरिकेने त्यावरून निष्कर्ष काढला. आणि अधिक काळजीपूर्वक घडविलेला दुसरा गोल टिकला. निर्वात पात्राच्या सुरक्षिततेचा पहिला धडा तो हाच. आत काही नसलेल्या पात्रावर बाहेरचे सर्व वातावरण रेटत असते, आणि पात्राचा आकार सदोष असेल तेथे ते प्रथम हार खाते.

वैद्यकात मात्र या बळाचा पद्धतशीर उपयोग होण्यास आणखी दोनशे वर्षे लागली.

४. हवा आत शिरू नये

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छातीतील द्रव काढण्याचे कर्म पुन्हा प्रचारात आले. पॅरिसमध्ये आर्मां त्रूसो याने त्याचा आग्रहाने पुरस्कार केला. या काळातील वैद्यांची मुख्य चिंता हवेची होती. निरोगी अवस्थेत फुप्फुसावरणातील दाब बाहेरील हवेपेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे छातीला छिद्र पडताच श्वासाबरोबर हवा आत खेचली जाते आणि फुप्फुस मिटते. ल्यों येथील रेबार याने १८४१ मध्ये यावर एक सोपा उपाय योजिला. नळीच्या बाहेरील तोंडास त्याने जनावराच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्याची पिशवी बांधली. द्रव बाहेर येताना हा पापुद्रा उघडे. श्वास आत घेताच तो नळीच्या तोंडावर चिकटून बसे. एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेचा हा साधा नमुना पुढे सव्वाशे वर्षांनी निराळ्या रूपात परत आला.

अमेरिकेत बॉस्टनजवळ १८५० मध्ये मॉरिल वायमन याने बारीक ट्रोकारला शोषक पंप जोडून छातीतील पाणी ओढून काढले. हेन्री बाउडिच याने ही पद्धत उचलली आणि आपल्या शेकडो रुग्णांच्या अनुभवाने ती प्रस्थापित केली. येथे प्रथमच द्रव आपल्या भाराने वाहण्याऐवजी बाहेरून ओढला जाऊ लागला.

यापुढचे पाऊल पॅरिसमध्ये पडले. झॉर्झ द्यूलाफ्वा याने १८६९ मध्ये आपले शोषकयंत्र प्रसिद्ध केले. ही काचेची जाड पिचकारी होती. तिला तोट्या होत्या. प्रथम तोट्या बंद करून दट्ट्या मागे ओढावयाचा, म्हणजे पिचकारीत निर्वात तयार होई. मग बारीक पोकळ सुई शरीरात शिरवून, तिचे टोक आत गेल्याबरोबर तोटी उघडावयाची. सुई पुढे सरकत असता ज्या क्षणी ती द्रवात शिरे त्या क्षणी तो द्रव काचेत उसळून येई. निर्वात आधीच तयार असल्यामुळे द्रव कोठे आहे याचा शोध आणि तो काढण्याची क्रिया एकत्र होत असे. १८७३ मध्ये द्यूलाफ्वाने या पद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास प्येर पोतँ याने पिचकारीच्या जागी बाटली आणली. बाटलीच्या रबरी बुचातून दोन मार्ग काढलेले असत, एकाला हवा काढण्याचा हातपंप जोडावयाचा, दुसऱ्याला रुग्णाकडे जाणारी नळी, दोहोंवर तोट्या. पिचकारी वरचेवर रिती करावी लागे, ती अडचण बाटलीने दूर केली. पुष्कळ द्रव एका बैठकीत काढता येऊ लागला.

या यंत्रांनी हवेचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडविला. सुई बारीक, मार्ग बंद, तोट्या हाताशी. एक धोका मात्र बाटलीबरोबरच आला. पंपाला ओढण्याचे आणि दाबण्याचे अशी दोन तोंडे असत. नळी चुकीच्या तोंडास लागली तर हवा बाटलीतून बाहेर येण्याऐवजी बाटलीत, आणि तोटी उघडी असल्यास तेथून रुग्णाच्या छातीत, जाण्याचा संभव असे. यास्तव सुई टोचण्यापूर्वी बाटलीला जोडलेली नळी पाण्यात धरून पंप खरोखर ओढतो आहे की नाही हे पाहून घ्यावे लागे. सुरक्षितता येथे रचनेत नव्हती. ती वापरणाऱ्याच्या सावधगिरीवर सोपविलेली होती.

५. ओढण्याची मर्यादा

नव्या साधनाने द्रव जलद व पुष्कळ निघू लागला, आणि सुश्रुत व हिपॉक्रेटिस यांनी पाहिलेला उपद्रव नव्या रूपाने पुढे आला. छातीतील पाणी काढल्यानंतर काही रुग्णांना दम लागे, खोकल्याची उबळ येई आणि फेसाळ, पिवळसर, प्रथिनयुक्त थुंकी भरभरून पडू लागे. काही तेवढ्यातच दगावत. पिनो याने १८५३ मध्ये अशा प्रकारची नोंद केली होती. १८७३ मध्ये तेरियों याने पॅरिसमध्ये या विषयावर प्रबंध सादर केला. बराच काळ दबून राहिलेले फुप्फुस एकाएकी फुगविले गेले असता त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तद्रव झिरपतो, असे त्याचे स्पष्टीकरण आज दिले जाते. द्यूलाफ्वाचा ग्रंथ आणि तेरियोंचा प्रबंध एकाच वर्षातले आहेत, हे लक्षणीय आहे.

पात्राच्या दृष्टीने यातील दोष कोणता, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. वातावरणाचा दाब पाण्याच्या भाषेत सांगावयाचा तर सुमारे १०३३ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. फुप्फुसावरणाला सतत लावावयाचे शोषण मात्र सर्वसाधारणपणे १० ते २० सेंटिमीटर पाण्याएवढे पुरेसे मानले जाते. म्हणजे संपूर्ण निर्वात केलेली बाटली गरजेच्या किमान ५० पट ओढू शकते. द्रव वाहत असेतो हे सर्व बळ आतील अवयवांपर्यंत पोहोचत नाही. त्यातील बराचसा भाग बारीक सुईच्या व नळीच्या विरोधात खर्ची पडतो. परंतु द्रव संपत आला, किंवा सुईचे तोंड फुप्फुसाला टेकले, म्हणजे प्रवाह थांबतो, विरोधही उरत नाही, आणि बाटलीचे बळ त्या जागेवर एकवटते.

यात आणखी एक गोष्ट आहे. एका लिटरच्या बाटलीतून ९० टक्के हवा काढली असे समजू. आत ७६ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब उरेल, म्हणजे बाटली ६८४ मिलिमीटरांनी ओढेल. द्रव येऊ लागला की उरलेली हवा बॉइलच्या नियमानुसार आकुंचन पावते. बाटली अर्धी भरल्यावर ओढ ६०८ मिलिमीटर असते. पाऊण भरल्यावर ४५६. आणि ९०० मिलिलिटर द्रव आल्यावर ती शून्य होते. म्हणजे अशी बाटली बहुतेक काळ जवळजवळ पूर्ण बळाने ओढत राहते आणि अगदी शेवटी एकाएकी थांबते. कमी करणे, थोपविणे, रुग्णाच्या अवस्थेशी जुळवून घेणे, यांपैकी काहीही तिला स्वतःहून साधत नाही.

६. पाण्याची बाटली

संयम पात्राच्या रचनेत बसविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न निर्वाताचा त्याग करून झाला. लंडनमध्ये प्लेफेअर व ह्यूएट यांनी १८७० नंतरच्या काही वर्षांत छातीतील नळीचे बाहेरील टोक पाण्याखाली बुडवून ठेवण्याची रीत वापरली. हांबुर्ग येथील गॉटहार्ड ब्यूलाऊ याने १८७५ पासून ही पद्धत योजिली आणि १८९१ मध्ये तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

जलबंद बाटलीची रचना इतकी साधी आहे की तिच्यातील कौशल्य सहज नजरेतून सुटते. रुग्णाच्या छातीतून येणारी नळी खाटेखाली ठेवलेल्या बाटलीत पाण्याच्या पातळीखाली सुमारे २ सेंटिमीटर बुडलेली असते. छातीतील हवा अथवा द्रव एवढ्याशा पाण्याचा विरोध सहज ओलांडून बाहेर येतो. उलट, श्वास आत घेताना पाणी नळीत थोडे वर चढते, पण छातीपर्यंत पोहोचण्याइतकी उंची त्याला गाठता येत नाही. आणि पाणी मध्ये असल्यामुळे हवा आत जाऊ शकत नाही. नळी द्रवाने भरलेली असता ती वक्रनलिकेप्रमाणे ओढते. ही ओढ छाती व बाटली यांच्या उंचीतील अंतराएवढीच असते. बाटली ६० सेंटिमीटर खाली असेल तर ओढही सुमारे तेवढ्याच पाण्याची. खाटेची उंची हीच तिची मर्यादा. कोणी विसरला तरी ती ओलांडली जात नाही. शिवाय नळीतील पाणी श्वासाबरोबर वरखाली होत असते. ते हलेनासे झाले म्हणजे नळी तुंबली अथवा फुप्फुस पूर्ण फुगले, हे परिचारिकेला दुरूनही कळते. अशा रीतीने पात्र प्रथमच रुग्णाच्या अवस्थेची वार्ता देऊ लागले.

या रचनेलाही दोष होता. बाटली छातीच्या पातळीवर उचलली तर तिच्यातील पाणी परत छातीत जाऊ शके. काच फुटली तर छाती थेट हवेला उघडी होई. रुग्णाला हलविताना नळीला चिमटा लावण्याची दक्षता त्यामुळेच घ्यावी लागे.

बंद मार्गाचे महत्त्व किती, याची कसोटी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लागली. १९१७-१८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या छावण्यांत श्वसनज्वराच्या साथीनंतर छातीत पू होण्याचे प्रमाण फार वाढले. प्रचलित रीतीप्रमाणे शल्यवैद्य बरगडीचा तुकडा काढून छाती लवकर उघडी करीत. मृत्यूचे प्रमाण सरासरी ३० टक्क्यांच्या घरात गेले. यासाठी नेमलेल्या आयोगात इव्हार्ट्स ग्रॅहम होता. पू अद्याप पातळ असता आणि फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटले नसता छाती उघडल्यास हवा आत शिरून रुग्ण गुदमरतो, हे त्याने प्रयोगांनी दाखविले. आरंभी सुईने अथवा बंद नळीने द्रव काढावा, पू दाट झाल्यावरच उघडा मार्ग करावा, असा सल्ला आयोगाने दिला. तो अमलात आल्यावर मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. बंद पात्र ही केवळ सोय नसून ती जीवनमरणाची बाब आहे, हे यानंतर विवाद्य राहिले नाही.

७. तिसरी बाटली

फुप्फुसावरील शस्त्रक्रिया वाढू लागल्या तशी केवळ उंचीची ओढ अपुरी पडू लागली. फुप्फुसातून सतत हवा गळत असेल तर तिला बाहेर काढण्यासाठी पंपाची आवश्यकता होती. पेर्टेस याने १८९८ मध्येच जलप्रवाहावर चालणारा पंप छातीच्या नळीला जोडून पाहिला होता. पंप आला म्हणजे अतिरिक्त ओढीचा धोका परत आला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ झालेल्या तीन बाटल्यांच्या रचनेने या धोक्याला दिलेले उत्तर या सर्व इतिहासात बहुधा सर्वांत सुंदर आहे.

पहिल्या बाटलीत द्रव साठतो. दुसरीत जलबंद असतो. तिसरी बाटली पंप आणि जलबंद यांच्यामध्ये जोडलेली असते. तिच्या बुचातून एक उभी नळी खाली गेलेली असते, तिचे वरचे तोंड मोकळ्या हवेत उघडे आणि खालचे तोंड २० सेंटिमीटर पाण्याखाली. पंप ओढू लागला की या नळीतील पाण्याची पातळी खाली उतरते. ओढ २० सेंटिमीटरांची झाली की पातळी नळीच्या टोकाशी येते आणि बाहेरची हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाटलीत शिरू लागते. यापुढे पंप कितीही जोराने चालविला तरी अधिक बुडबुडे निघण्यापलीकडे काही होत नाही. रुग्णाला लागणारी ओढ तेवढीच राहते. शोषणाची मात्रा पंपावर ठरत नाही, पाण्यात बुडालेल्या नळीच्या लांबीवर ठरते. सुश्रुताने वैद्याला सांगितलेले पथ्य येथे नळीच्या लांबीने पाळले जाते. वैद्य थकला, परिचारिका दुसऱ्या कामास गेली, पंप बिघडून जोरात चालला, तरी ते मोडत नाही.

८. काचेची बाटली आणि तिचे फुटणे

तीन बाटल्यांची व्यवस्था सुरक्षित खरी, पण अवजड. तिला जागा लागे, पंप लागे, आणि जोडण्या अनेक असत. आधीच निर्वात करून मोहोरबंद केलेल्या बाटलीचे आकर्षण त्यामुळे संपले नाही. १९३९ मध्ये अमेरिकेत रक्तदानासाठी निर्वात काचेच्या बाटल्या विक्रीस आल्या. दात्याच्या शिरेतील सुई बाटलीच्या बुचात खुपसली की रक्त आपोआप आत येई आणि त्याचा बाहेरील हवेशी संपर्क होत नसे. छातीतील व उदरातील द्रव काढण्यासाठीही अशा बाटल्या सोयीच्या ठरल्या. फ्रान्समध्ये आंरी रदों व त्याचे सहकारी यांनी १९५४ मध्ये विस्तृत जखमांच्या तळाशी अनेक छिद्रांची नळी ठेवून ती निर्वात बाटलीला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जखमेचे पदर एकमेकांशी चिकटून राहावेत आणि मध्ये रक्त साठू नये, हा तिचा हेतू. ती लवकरच जगभर पसरली.

आता तिसरी अपेक्षा पुढे आली. ८ सेंटिमीटर व्यासाची आणि २० सेंटिमीटर उंचीची दंडाकृती बाटली घेतल्यास तिच्यात सुमारे एक लिटर द्रव मावतो. तिचे एकंदर पृष्ठफळ सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर भरते. ती पूर्ण निर्वात केली असता वातावरण तिला सर्व बाजूंनी मिळून ६०० किलोग्रॅमहून अधिक भाराने दाबीत असते. एकट्या तळावर ५० किलोग्रॅमहून अधिक भार पडतो. बाटलीचा गोल भाग हा दाब चांगल्या प्रकारे सोसतो, कारण तेथे काचेवर दाबाचा ताण पडतो आणि काच दाबाला बळकट आहे. सपाट तळ मात्र आत वाकू पाहतो, त्यामुळे त्याच्या काही भागावर ओढीचा ताण येतो, आणि ओढीला काच दुर्बळ आहे. गेरिकेच्या तांब्याच्या गोलाने शिकविलेला धडा तो हाच.

काचेची दुर्बलता तिच्या पृष्ठावरील सूक्ष्म चिरांत असते, हे ग्रिफिथ याने १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. जी बाटली कारखान्यातून निघताना निर्दोष होती, ती धुताना, उकळताना, लोखंडी मंचावर ठेवताना बारीक ओरखडे घेत जाते. पुन्हा पुन्हा वापरलेली बाटली म्हणून नव्या बाटलीपेक्षा अधिक धोक्याची. आणि दिसावयास दोघी सारख्याच. निर्वात बाटली फुटली म्हणजे तुकडे प्रथम आत खेचले जातात आणि मग समोरासमोर आदळून बाहेर उडतात. धोका रुग्णाला असतोच, पण बाटली उचलणारी, रिकामी करणारी, धुणारी माणसे त्याच्या अधिक जवळ असतात. सांडणारा द्रव दूषित असल्यामुळे जखमेबरोबर संसर्गाचेही भय असते.

यावर जे उपाय निघाले ते तीन प्रकारचे होते. एक, तळ सपाट न ठेवता आतून वक्र करणे आणि कोपरे गोलाकार करणे. दोन, काचेवर प्लास्टिकचे आवरण किंवा जाळी चढविणे. आवरणाने फुटणे थांबत नसे, पण तुकडे उडत नसत. तीन, बुचावर निर्वातदर्शक बसविणे. हा लवचीक रबरी अथवा प्लास्टिकचा लहान भाता असे; आत निर्वात असेतो तो दबलेला राही आणि निर्वात संपताच फुगून येई. बाटली अजून ओढते आहे की नाही, हे त्यामुळे न उघडता कळू लागले.

९. लवचीक पात्रे

खरा पालट प्लास्टिकने घडविला. १९५० च्या सुमारास रक्तासाठी प्लास्टिकच्या पिशव्या तयार झाल्या. शस्त्रक्रियेनंतरच्या जखमांसाठी दाबून सोडावयाचे रबरी अथवा प्लास्टिकचे फुगे आणि स्प्रिंगा बसविलेली चपटी पात्रे प्रचारात आली. यांत आधीपासून निर्वात साठविलेला नसतो. फुगा हाताने दाबून त्यातील हवा काढावयाची, तोंड बंद करावयाचे आणि सोडून द्यावयाचे. मूळ आकार परत घेण्याच्या त्याच्या धडपडीतूनच ओढ निर्माण होते. ही ओढ माफक असते आणि फुगा भरत जाईल तसतशी उतरत जाते. भिंत लवचीक असल्यामुळे आत चेपून फुटण्याचा प्रश्नच येत नाही. रुग्णाकडील तोंडावर एकाच दिशेने उघडणारी झडप असते. फुगा रिकामा करताना दाबला तरी द्रव जखमेत परत जात नाही.

छातीसाठी १९६७ मध्ये तिन्ही बाटल्या एकाच प्लास्टिकच्या पेटीत बसविलेले, एकदा वापरून टाकून द्यावयाचे साधन अमेरिकेत निघाले. तीन बाटल्यांतील पाण्याचे स्तंभ येथे शेजारी शेजारी असलेल्या तीन कप्प्यांत आले. अनेक जोडण्या सुटण्याचे भय गेले. तत्त्व मात्र तेच राहिले. हेन्री हाइमलिक याने १९६८ मध्ये वर्णन केलेल्या झडपेत पारदर्शक नळीमध्ये चपटी रबरी नळी बसविलेली असते. ती श्वास सोडताना उघडते आणि घेताना मिटते. रेबारच्या आतड्याच्या पापुद्र्याचेच हे नवे रूप. तिच्यामुळे रुग्णाला बाटलीशी जखडून राहावे लागत नाही.

काच जाऊन प्लास्टिक आले ते प्रामुख्याने फुटण्याच्या भयाने आले असे म्हणता येत नाही. निर्जंतुक करून पाठविण्याची सोय, हलकेपणा आणि एकदा वापरून टाकण्याची मुभा ही कारणे अधिक प्रबळ होती. बाटली हाताळणाऱ्यांची सुरक्षितता बव्हंशी या अन्य लाभांच्या मागोमाग आली, हे नमूद करणे प्राप्त आहे.

१०. मोजमाप

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वीचे अनुभवाचे नियम मोजून पाहण्यात आले. रिचर्ड लाइट व त्याचे सहकारी यांनी १९८० मध्ये पाणी काढताना फुप्फुसावरणातील दाब मोजला आणि तो शून्याखाली २० सेंटिमीटर पाण्यापेक्षा अधिक उतरू देऊ नये, असे सुचविले. तीन बाटल्यांच्या रचनेतील नळीची लांबीही हीच होती. बार्सेलोना येथील जिनेस व त्याचे सहकारी यांनी १९८८ मध्ये जलोदराच्या यकृतरोग्यांत मोठ्या प्रमाणावर पाणी काढताना शिरेतून अल्ब्युमिन दिल्यास रक्ताभिसरणाचा व मूत्रपिंडाचा बिघाड टळतो, असे दाखवून दिले. पाच लिटरांहून अधिक पाणी काढावयाचे झाल्यास अल्ब्युमिन देण्याचा प्रघात त्यावरून पडला. सुश्रुताने पट्ट्याने बांधून आणि दिवसांचे अंतर ठेवून जे साधले, ते येथे दुसऱ्या मार्गाने साधले गेले. पट्टा दाब टिकवी, अल्ब्युमिन रक्ताचे आकारमान टिकविते.

१९९७ नंतर कर्करोगाच्या रुग्णांसाठी छातीत कायम ठेवावयाची मऊ नळी आणि तिला घरीच जोडावयाच्या प्लास्टिकच्या निर्वात बाटल्या प्रचारात आल्या. येथे वैद्य किंवा परिचारिका जवळ नसते. रुग्ण अथवा त्याच्या घरचे माणूसच बाटली जोडते. म्हणून नळीच्या तोंडाशी झडप, मार्गावर चिमटा, बाटलीवर निर्वातदर्शक, आणि एका वेळी छातीतून एक लिटरपेक्षा अधिक काढू नये ही सूचना, अशा चार मर्यादा एकत्र आणलेल्या आहेत. वेदना होऊ लागताच चिमटा लावून प्रवाह थोपविण्यास रुग्णाला शिकविले जाते.

अर्थात मोजमापानेही सर्व प्रश्न सुटलेले नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात दाब मोजून पाणी काढणे आणि केवळ रुग्णाच्या लक्षणांवर लक्ष ठेवून काढणे यांत छातीतील अस्वस्थतेच्या बाबतीत फरक आढळला नाही. यावरून दाब मोजणे व्यर्थ ठरत नाही. पण रुग्णाने सांगितलेली वेदना हे देखील एक मापच आहे, आणि ते यंत्राहून कमी प्रतीचे नाही, हे दिसून येते.

११. उपसंहार

या इतिहासाचे तात्पर्य थोडक्यात असे. हवा आत शिरू नये ही अपेक्षा प्रथम ध्यानात आली आणि रेबारपासून ब्यूलाऊपर्यंतच्या पन्नास वर्षांत तिचे समाधान झाले. अतिरिक्त ओढ टाळण्याची अपेक्षा मुळात सर्वांत जुनी. परंतु निर्वात हाती आल्यावर ती काही काळ विसरली गेली आणि तिला निश्चित रूप मिळण्यास तिसऱ्या बाटलीची वाट पाहावी लागली. पात्र फुटू नये ही अपेक्षा गेरिकेच्या वेळेपासून भौतिकशास्त्राला ज्ञात असूनही रुग्णालयात सर्वांत शेवटी पूर्ण झाली. ज्यांना त्या फुटण्याचा धोका अधिक होता, त्यांचे अनुभव ग्रंथांत व नियतकालिकांत सहसा नोंदले जात नसत, हे त्याचे एक कारण असावे.

चांगल्या पात्राची परीक्षा ते किती ओढते यावरून होत नाही. कोणी लक्ष दिले नाही, चूक झाली, घाई झाली, तरीही ते कोठे थांबते यावरून होते. पोतँची बाटली सावध वैद्याच्या हाती सुरक्षित होती; तीन बाटल्यांची रचना असावध हातीही बऱ्याच अंशी सुरक्षित राहते. या दोहोंमधील अंतर ओलांडण्यास ज्ञानापेक्षा अनुभवाची किंमत अधिक मोजावी लागली, आणि ती रुग्णांनी मोजली. पुढील रचना करणारांनी ध्यानात ठेवावे असे या इतिहासात जर काही असेल, तर ते हेच होय.